बांगड्याच्या पाठीवरचा समुद्र

कला महाविद्यालयात पहिल्या, म्हणजे फाउंडेशनच्या वर्षी रसग्रहणाच्या वहीत मी लिहिलं होतं, ‘या चित्रातला समुद्र शांत आणि प्रसन्न वाटतो.’ सरांनी वाक्याखाली रेघ ओढून समासात एकच शब्द लिहिला, ‘कशामुळे?’ त्याचं उत्तर द्यायला मला जवळजवळ अख्खं वर्ष लागलं. चित्र बघायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

चित्र होतं डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं, सेंत-मारी-द-ला-मेरजवळच्या समुद्राचं. मे १८८८ च्या अखेरीस तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्लहून भूमध्य समुद्राकाठच्या या कोळ्यांच्या गावी काही दिवस गेला होता. सोबत तीन कॅनव्हास. दोनांवर समुद्र उतरला, एकावर गाव. भाऊ थिओला त्याने पत्रात कळवलं, की या समुद्राचे रंग मॅकरेल माशासारखे पालटतात. हिरवा की जांभळा ते कळत नाही, निळा म्हणावा तर पुढच्याच क्षणी गुलाबी नाहीतर राखाडी झाक येते.

मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद. मी मालवणची. रापण ओढल्यावर वाळूत उड्या मारणारा बांगडा लहानपणापासून पाहिलेला, आणि तासाभरात त्याची झळाळी कशी विझते तेही. पत्रातला तो मजकूर वाचून मी पुन्हा चित्रासमोर बसले आणि ‘निळा’ हा शब्द न वापरता समुद्राचं वर्णन लिहायला घेतलं. पानभर खाडाखोड झाली, पण त्या दिवशी चित्र पहिल्यांदा दिसलं. तुम्हीही सुरुवात इथूनच करा.

मग उजेड शोधा. या चित्रात सूर्य नाही, पाण्यावर सोनेरी पट्टाही नाही. तरी लाटा आतून उजळल्यासारख्या दिसतात. लाट उसळते तेव्हा तिच्या माथ्याशी पाणी पातळ होतं आणि उजेड त्यातून आरपार येतो. तिथे ती हिरवट दिसते. व्हॅन गॉगने निळ्या-पांढऱ्याच्या जोडीला हिरवा आणि पिवळा रंग घेतला, आणि लाटांवर तो पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या पातळ पात्याने लावला. हे छापील चित्रात पुरतं कळत नाही. कागदावर रंगाचे उंचवटे सपाट होतात आणि उजेडाचा निम्मा खेळ तिथेच हरवतो. मूळ चित्र बघायची संधी मिळाली, तर समोरून बघून झाल्यावर बाजूला सरकून तिरकंही बघा.

खालच्या कोपऱ्यात त्याची लालभडक सही आहे. ती अंगठ्याने झाकून बघा, मग अंगठा काढा. हिरव्यात लालाचा एक सूर हवा म्हणून तो लाल त्याने मुद्दाम घेतला होता. लाल आणि हिरवा परस्परपूरक रंग, शेजारी आले की एकमेकांना चेतवतात.

भाव कुठून येतो हे मला तुलनेतून उमगलं. याच चित्रकाराने १८८२ मध्ये नेदरलँड्समधल्या हेगजवळच्या स्खेव्हनिंगनचा समुद्र रंगवला होता, वादळी वाऱ्यात, किनाऱ्यावर उभं राहून. ओल्या रंगावर इतकी वाळू उडाली की बरीचशी खरवडून काढावी लागली. काही कण अजूनही रंगात आहेत. (हे चित्र २००२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममधून चोरीला गेलं आणि २०१६ मध्ये इटलीत सापडलं. ते परत मिळालं याचा मला आजही आनंद होतो.) त्या चित्रात सगळं राखाडी, मातकट, जड. मधल्या सहा वर्षांपैकी दोन वर्षं तो पॅरिसला राहिला, तिथे इम्प्रेशनिस्टांची, म्हणजे बदलता उजेड उजळ रंगांत टिपणाऱ्या चित्रकारांची चित्रं त्याने पाहिली आणि त्याचे रंग उजळले. ही दोन चित्रं शेजारी ठेवून प्रत्येकी पंधरा मिनिटं बघा. मध्ये फोन नको.

वर्षअखेरीस त्याच वहीत मी नवं वाक्य लिहिलं: ‘समुद्र शांत नाही, लाटा खळबळत आहेत, तरी मन उजळतं, कारण लाटांच्या हिरव्या-पिवळ्यातून उजेड आरपार येतो आणि कोपऱ्यातला लाल त्या हिरव्याला विझू देत नाही.’