स्नोमोबाइलचं बेअरिंग मागवताना आणि बसवताना या चुका टाळा

जानेवारीतला शुक्रवार, दुपारचे चार. इथे कॅनडातल्या सडबरीत बाहेर उणे २८. ग्राहक हातमोज्यातून स्नोमोबाइलचं, म्हणजे बर्फावर पट्ट्याने चालणाऱ्या गाडीचं, एक गंजलेलं बेअरिंग काढून माझ्या दुकानाच्या काउंटरवर ठेवतो. "असलंच दे, उद्या सकाळी ट्रेलवर जायचंय." नंबर झिजलाय, फक्त '६२०५' एवढं दिसतंय. धंदा नवा होता तेव्हा मी कपाटातून ६२०५ चं खोकं काढलं आणि देऊन टाकलं. तिसऱ्या आठवड्यात तो परत आला, सोबत मागचा अ‍ॅक्सल घेऊन. जिथे बेअरिंग बसतं तिथे अ‍ॅक्सल चक्क खाल्ला गेला होता.

झालं असं की मी दिलेल्या बेअरिंगचा पूर्ण नंबर होता ६२०५-१६, आणि त्याचा अ‍ॅक्सल होता २५ मिलिमीटरचा. नंबरातला शेवटचा १६ म्हणजे आतला व्यास सोळा सोळांश इंच, म्हणजे एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर. फरक ०.४ मिलिमीटर. कागदाच्या चार पानांची जाडी म्हणा. "किती सहज बसलं, हातोडी लागलीच नाही," असं तो आनंदाने सांगत होता. बेअरिंग शाफ्टवर इतकं सहज बसलं की शंका घ्यायला हवी, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला असायला हवं होतं. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टला धरून न राहता त्याच्यावरच फिरत राहिली आणि शाफ्ट झिजला.

साध्या ६२०५ चा आतला व्यास काढायचा तर शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणायचं, २५ मिलिमीटर. आपल्याकडे भोसरी-चिंचवडच्या कुठल्याही वर्कशॉपमधल्या पोराला हे पाठ असतं. पण भोसरीतला हिशेब इंचाचा नसतो. उत्तर अमेरिकेतल्या स्नोमोबाइलांमध्ये, विशेषतः जुन्या गाड्यांमध्ये, बाहेरून मेट्रिक आणि आतून इंचाची बेअरिंग्ज सर्रास सापडतात. ६२०४-१२ हे त्यातलंच: बाहेरचा व्यास ४७, रुंदी १४, अगदी ६२०४ सारखं, पण आतून पाऊण इंच, म्हणजे १९.०५. साधं ६२०४ आतून २०. चाकात दोन्ही सारखीच बसतात, घोळ शाफ्टवर होतो. म्हणून गाडीचं मॉडेल आणि साल विचारून बेअरिंग देऊ नका, मागवूही नका. मधल्या मालकाने अ‍ॅक्सल किंवा चाकं बदललेली असतात. व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) शाफ्ट मोजा. बेअरिंग नव्हे, शाफ्ट, आणि तोही न झिजलेल्या जागी.

नंबरच्या पुढची अक्षरं लोक वाचतच नाहीत. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. ती आतल्या रिंगला टेकत नाहीत, मध्ये बारीक फट असते. पंख्याच्या मोटरीत धूळ अडवायला ती पुरेशी. स्नोमोबाइलचं आयडलर चाक, म्हणजे ट्रॅकच्या (पट्ट्याच्या) आत फिरणारं छोटं चाक, मात्र बर्फाच्या भुग्यातच फिरतं. तो भुगा चाकाच्या गरम हबवर (मधल्या भागावर) वितळतो, पाणी फटीतून आत जातं आणि गाडी उभी राहिली की तिथेच गोठतं. इथे रबरी सीलचं २आरएस लागतं. वेगाची काळजी करू नका. साधारण १४३ मिलिमीटर व्यासाचं चाक ताशी १०० किलोमीटरला मिनिटाला सुमारे ३,७०० फेरे घेतं, आणि या आकाराचं सीलबंद बेअरिंग तेवढं आरामात झेपवतं. ही बेअरिंग्ज वेगाने मरत नाहीत, पाण्याने मरतात.

सी३ बद्दलही एक गैरसमज आहे. ग्राहक येऊन म्हणतो, "सी३ दे, भारीतलं." सी३ म्हणजे दर्जा नव्हे, आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. जिथे फिट घट्ट असते किंवा गरम होतं तिथे ती लागते. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरची बेअरिंग्ज तर वेगळाच विषय आहे. नंबर जुळला तरी केज (गोळ्यांना अंतराने धरणारा सांगाडा) आणि मोकळीक वेगळी असू शकते, शिवाय काहींना जागेवर धरायला पिनेची खाच असते. तिथे बाजारातलं मिळेल ते बेअरिंग घालून इंजिन पुन्हा जोडून टाकू नका, वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट खर्च समोर उभा असतो.

ग्रीसचं मात्र कोणीच विचारत नाही. सीलबंद बेअरिंगमध्ये ग्रीस कारखान्यातूनच भरून येतं, आणि सर्वसाधारण वापराचं ग्रीस उणे तीसला मेणासारखं होतं. सकाळी गाडी सुटते तेव्हा ट्रॅक पळतो आणि चाक जड फिरतं. पुरवठादाराला किमान तापमान किती ते स्पष्ट विचारा. "विंटर ग्रेड" असं खोक्यावर छापलेलं हे उत्तर नव्हे.

भोसरीत माझ्या पुतण्याचं बेअरिंगचं दुकान आहे. त्याचा फोन आला, "काका, ६२०४ ची दोनशे नग पाठवू का? तिथल्या निम्म्या भावात पडतील." मी म्हटलं, पाठव, पण आधी ग्रीस कुठलं ते सांग. तो गप्प. मग म्हणाला, "पंख्यावाले कधी विचारत नाहीत हो." बरोबरच आहे, त्याच्याकडे सर्वात जास्त खपतात ती पंख्याची ६२०२. पंख्याला उणे तीस कधी बघावं लागणार?

बसवतानाची चूक एकच, पण रोजची. चाकात बेअरिंग ठोकताना जोर बाहेरच्या रिंगवर हवा, शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर. उलटं केलं की सगळा धक्का गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या ज्यावरून फिरतात त्या रेसवर बारीक खड्डे पडतात. बेअरिंग नवंकोरं दिसतं, फिरवून पाहिलं तर बोटाला दाणेदार लागतं. असली बेअरिंग्ज "माल खराब निघाला" म्हणून परत येतात. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग जपून ठेवा, ठोकायला तिच्यासारखं साधन नाही. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये आणि चाकाचा हब हॉट एअर गनने जरा कोमट, इतकं केलं तर निम्मी झटापट वाचते. चाक प्लास्टिकचं असेल तर गन दूर धरा. आणि बेअरिंग जागेवर धरणारी सर्कलिप खाचेत पूर्ण बसल्याचा टक् आवाज ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चालू हंगामात बेअरिंग जातंय हे ओळखायचं कसं? गाडीचा मागचा भाग उचलून, इंजिन बंद ठेवून, प्रत्येक चाक हाताने फिरवा आणि आडवं हलवून बघा. ट्रेलवर याहून सोपी खूण आहे. थांबलात की चाकांकडे नजर टाका. बाकी सगळ्या हबवर बर्फ चिकटलेला आणि एकाचाच हब ओला, काळा दिसला तर तो गरम झालाय. चाकावर तपकिरी ओघळ म्हणजे सील गेलं, ग्रीसमध्ये गंज मिसळला.

खरा शत्रू मात्र ट्रेलवर नसतो, तो असतो रस्त्यावर. गाडी उघड्या ट्रेलरवर टाकून तीनशे किलोमीटर न्यायची, रस्त्यावर मिठाचा मारा आणि पुढच्या टायरांनी उडवलेलं खारं पाणी थेट मागच्या चाकांवर. घरी आल्यावर लोक प्रेशर वॉशरची धार नेमकी हबवर धरतात, म्हणजे जे मीठ बाहेर होतं ते सीलच्या आत. हळू पाण्याने धुवा, वॉशर लांबून फिरवा.

यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाइलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं, उत्तर अमेरिकेसाठी २०२५ ची मॉडेलं शेवटची. तेव्हापासून काही ग्राहक चाकांची बेअरिंग्ज डझनाने साठवतात. साठवू नका. चाकांच्या बेअरिंगचे आकार बहुतेक प्रमाणित असतात, ते कुठेही मिळत राहतील. शिवाय सीलबंद बेअरिंगमधलं ग्रीसही म्हातारं होतं, साधारण तीन वर्षांहून जुना साठा मी घेत नाही. ऑर्डर द्यायचीच असेल तर ऑगस्टमध्ये द्या. जानेवारीतल्या शुक्रवारी माझ्याकडे जे आहे तेच मिळतं.

पुतण्याचा परवा पुन्हा फोन आला. ग्रीसची डेटाशीट मिळाली, किमान उणे ४०. आता तो विचारतोय, काका, ६२०४ पाठवू की ६२०४-१२? मी त्याला म्हटलं, दोन्ही पाठव, पण खोकी वेगवेगळ्या रंगाची असू देत.