स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासाठी माध्यमिक शाळा निवडताना

शोध किमान वर्षभर आधी सुरू करा. प्राथमिक शाळेत बहुतेक वेळा एकच वर्गशिक्षक सगळं सांभाळून घेतो. माध्यमिकला तासागणिक शिक्षक बदलतो, कधी वर्गही, आणि गाडी नेमकी तिथेच अडते.

शाळा बघायला मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटताना जा. रिकाम्या इमारतीत काहीच कळत नाही. जिन्यात किती रेटारेटी होते, घंटा किती कर्कश आहे, हे स्वतः अनुभवा. स्वच्छतागृहात डोकावाच. तिथल्या वासाने किंवा गलक्याने मूल आत जायचं टाळतं, त्यासाठी पाणीच पीत नाही, आणि दुपारच्या चिडचिडीचं मूळ कोणाच्या ध्यानात येत नाही.

'अशी मुलं तुम्ही घेता का?' असं मुख्याध्यापकांना विचारू नका, उत्तर गोडच येणार. त्याऐवजी हे विचारा: वर्गात असह्य झालं तर मूल कुठे जातं, कोणाला सांगून? बदली शिक्षकाला माहिती कोण देतं? गट पाडताना एकटं उरलेल्या मुलाचं काय करता? उत्तरात ठरावीक माणूस आणि ठरावीक खोली आली, तर व्यवस्था खरी. 'आम्ही सगळ्यांना समान वागवतो' हे ऐकलं की सावध व्हा.

परीक्षेत जादा वेळ, वेगळी खोली मिळते का आणि त्यासाठी कोणती कागदपत्रं कधी द्यायची, हे प्रवेशाआधीच विचारून ठेवा.

मुलाला सगळ्या शाळा दाखवत फिरू नका. तुम्ही दोन निवडा, मग त्याला न्या. प्रवेश पक्का झाल्यावर सुट्टीत फाटक, वर्ग, पाण्याची जागा यांचे फोटो काढून आणा आणि त्याला पुन्हा पुन्हा बघू द्या.