बाटली उडते आणि शिव्या खड्ड्याला: सायकलचा बॉटल केज घेताना या चुका टाळा

दर रविवारी पहाटे नाशिकच्या गंगापूर रोडला आमचं सायकलवाल्यांचं टोळकं जमतं. पावसाळा सरला की त्यात नवे चेहरे येतात, आणि गिरणारे येईपर्यंत त्यांच्यातल्या एखाद-दोघांच्या बाटल्या रस्त्यावर लोळून झालेल्या असतात. सगळे थांबतात, मागे बघतात आणि कुणीतरी म्हणतंच, "काय खड्डे आहेत राव!" खड्डे आहेत, मान्य. सिंहस्थ जवळ आला की आमच्या गावात आधी रस्ते उकरतात आणि डांबराचं मग बघतात. पण त्याच खड्ड्यांतून माझी बाटली वर्षानुवर्षं मुकाट बसून येते, आणि माझी सायकल काही हवेत तरंगत नाही.

सातपूरच्या एका टूलरूममध्ये माझं आयुष्य गेलं. त्यामुळे कुठलीही जोडणी दिसली की ती कशावर धरली आहे, हे आधी बघायची खोड लागली आहे. दुकानात तुम्ही 'बॉटल स्टँड द्या' म्हणा, ग्रुपवर 'केज' म्हणा, वस्तू तीच: सायकलच्या फ्रेमवर बाटली धरून ठेवणारी. लोक ती सगळ्यात शेवटी घेतात. सायकलवर अर्धा पगार, हेल्मेटवर चार दिवस चर्चा, आणि केज? "भाऊ, काळ्या रंगात आहे का?"

केज एका घरचा, बाटली दुसऱ्या घरची

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता बोलताना माझा आवाज चढतो.

सायकलच्या बाटलीचं एक माप ठरलेलं असतं. व्यास साधारण ७३ ते ७४ मिलिमीटर. बाटली ५०० मिलीची असो की ७५० मिलीची, उंची बदलते, जाडी बदलत नाही. आणि तिच्या मानेखाली एक खाच असते. ती शोभेची नाही. केजच्या वरच्या टोकाला जी आत वळलेली जीभ असते, ती त्या खाचेत बसते. बाटली धरणारी खरी गोष्ट ती. बाकीचा केज बाटलीला फक्त अंगाने दाबून ठेवतो.

आता या केजमध्ये लोक काय काय कोंबतात? स्टेशनवरची पाण्याची बाटली. शाळेतल्या मुलाची बाटली. लग्नात आहेर आलेला स्टीलचा थर्मास.

थर्मासची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी, दसरा होऊन गेला होता, आम्ही नऊ जण पेठला निघालो. त्यात एक गृहस्थ नवे होते. सायकल उत्तम, केज कार्बनचा, हातात घेतला तर कागदासारखा हलका. आणि त्यात लिटरभराचा स्टीलचा थर्मास, वरून गुळगुळीत रंग दिलेला, खाच वगैरे काही नाही. निघतानाच मी म्हटलं, "साहेब, ही राहणार नाही." त्यांनी बाटली ओढून दाखवली. "काका, बघा ना किती घट्ट आहे, निघतच नाही." हाताने ओढून घट्ट लागली म्हणजे घट्ट, या समजुतीला माझ्याकडे औषध नाही.

सावळघाटाच्या उतारावर मी त्यांच्यामागे तिसरा होतो. डांबर उखडून गेलेला एक पट्टा आला, त्यांची सायकल दोनदा उडाली आणि 'टण्ण' असा आवाज झाला. थर्मास रस्त्यावर पडला, आडवा झाला आणि घरंगळत त्यांच्यामागच्या ताईंच्या पुढच्या चाकाखाली आला. ताई हुशार. ब्रेक न दाबता त्यांनी सायकल कडेच्या मातीत घातली. तरी पडल्याच. कोपर सोललं, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, आत वाकला. एवढ्यावर भागलं असतं, पण थर्मासवाल्यांना आपली बाटली गेल्याचं कळलं आणि ते भर वळणावर रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून एसटी. ड्रायव्हरने ब्रेक लावला म्हणून आज हे लिहितो आहे. कंडक्टरने खिडकीतून जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही, पण त्यातला शब्दन् शब्द योग्य होता.

झालं काय, ते समजून घ्या. चाक खड्ड्याच्या काठावर आदळतं तेव्हा फ्रेम झटक्याने वर जाते, तिच्यासोबत बाटलीही. दुसऱ्या क्षणी फ्रेम खाली येते, पण बाटली अजून वरच निघालेली असते, आणि तिला अडवायला ती जीभ सोडली तर काही नाही. लिटरभर पाण्याचंच वजन एक किलो. स्टीलची बाटली दाबली जात नाही, त्यामुळे केजला पकडायला काही मिळत नाही. हाताने ओढताना आपण सावकाश ओढतो. खड्डा सावकाश ओढत नाही.

म्हणून माझी सवय अशी: केज घ्यायला जाताना आपली बाटली काठोकाठ भरून सोबत न्यायची. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. केज लावून झाला की बाटली आत ढकलायची, जीभ खाचेत बसल्याचा 'टक' हाताला जाणवला पाहिजे. मग सायकल दोन्ही हातांनी उचलून उलटी करायची, चाकं आकाशाकडे, आणि आंब्याचं झाड हलवावं तशी हलवायची. त्यानंतर सरळ करून पुढचं चाक वीतभर उचलून जमिनीवर सोडायचं, आठ-दहा वेळा. एवढ्यात बाटली अर्धा बोटभर जरी वर सरकली, तरी तो केज त्या बाटलीचा नाही. रिकाम्या बाटलीवर हा प्रयोग करणाऱ्यांना मी हात जोडतो.

बाजारातली पाण्याचीच बाटली लावायची असेल, तर तोंडाचं माप कमीजास्त करता येणारे केज मिळतात, ते घ्या. आणि वरून एक पट्टा बांधाच. मी जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद गोल पट्टी कापतो आणि केजच्या अंगावर चढवतो. रबर बाटलीला चिकटून राहतं, खडखडही थांबते. पंक्चरवाल्याकडे अशा ट्यूबा फुकट मिळतात.

धातू, प्लास्टिक, कार्बन

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्यात फारसा रस नाही. ॲल्युमिनियमच्या तारेचा केज सैल झाला तर हाताने दाबून आवळता येतो, हा त्याचा गुण. पण दर महिन्याला दाबत बसलात तर एक दिवस वाकणापाशी चीर पडते. शिवाय बाटलीला काळे ओरखडे. स्टेनलेस स्टीलचा जरा जड, पण मला आवडतो. चांगल्या नायलॉनचा केज स्प्रिंगसारखा धरतो. स्वस्त प्लास्टिकचा उन्हात वाळतो आणि ऐन वेळी तुकडा पडतो. कार्बनचे काही चांगलेही असतात, पण केजमध्ये वीस ग्रॅम वाचवायचे आणि नाश्त्याला दोन प्लेट मिसळ चापायची, हा हिशेब मला कधी कळला नाही.

लहान फ्रेमवाल्यांची एक वेगळीच चूक. वरच्या नळीला बाटली अडते म्हणून ती तिरकी ओढतात, तरी निघत नाही म्हणून केजच फाकवतात. मग तो कायमचा फाकलेलाच. बाजूने बाटली निघणारे केज त्यासाठीच बनवतात.

बोल्टवर जोर काढणं

केज फ्रेमला दोन बोल्टांवर बसतो. एम ५ चे, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचे, दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर, दोन भोकांमधलं अंतर ६४ मिलिमीटर. बहुतेक सायकलींना चार नंबरची ॲलन की, म्हणजे सहाकोनी चावी, लागते. एवढंसं काम. आणि एवढ्याशा कामात लोक फ्रेम वाया घालवतात.

मागच्या हिवाळ्यात एक इंजिनिअरिंगचा पोरगा सायकल घेऊन दारात आला. "काका, बोल्ट निघत पण नाही आणि बसत पण नाही, नुसता फिरतो." विचारल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. त्र्यंबकला जाताना केजची कटकट सुरू झाली होती, तिच्याकडे त्याने दुर्लक्ष केलं. अंजनेरीच्या आसपास एक बोल्ट पडला. त्र्यंबकच्या हार्डवेअरच्या दुकानातून जाडी बरी वाटली तो बोल्ट घेतला. तो तिरका लागला, जाईना, म्हणून लांब दांड्याची की घालून पूर्ण ताकद. कॉलेजात आटे शिकवतात की नाही, देव जाणे.

ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये भोकात आटे कापलेले नसतात. तिथे रिव्हनट बसवलेला असतो, म्हणजे पातळ नळीत दाबून फुगवलेलं छोटं बुश. जास्त जोर लावला की ते फ्रेमपासून सुटतं आणि बोल्टसोबत फिरू लागतं. त्या पोराचं तेच झालं होतं. बुशची कड पातळ नाकाच्या पकडीने धरून तो चुकीचा बोल्ट कसाबसा बाहेर काढला. नशिबाने आतले आटे शिल्लक होते, टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, फिरवून साफ केले. मग एक लांब एम ५ बोल्ट घेतला, त्यावर नट चढवला, नटाखाली तेल लावलेला वॉशर, आणि बोल्ट बुशमध्ये हाताने पूर्ण बसवला. आता बोल्टचं डोकं ॲलन कीने जागेवर धरून ठेवायचं, अजिबात फिरू द्यायचं नाही, आणि आठ नंबरच्या पान्याने नट खाली आवळायचा. नट फ्रेमवर दाबतो, बोल्ट बुशला वर खेचतो आणि बुश पुन्हा फुगून घट्ट बसतं. एकेक पाव फेरा, सावकाश. पोरगा दर दोन मिनिटांनी विचारत होता, "झालं का काका?" शेवटी त्याला चहा टाकायला आत पाठवलं.

हे सगळं टाळायला काय लागतं? बोल्टचे पहिले चार-पाच फेरे बोटांनी फिरवायचे, कीने नाही. बोटांनी जात नसेल तर आटे जुळलेले नाहीत. बाहेर काढून पुन्हा सुरुवात करायची. लांबी १२ ते १६ मिलिमीटर पुरते. सीटखालच्या नळीत लांब बोल्ट घातला तर तो आतल्या सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांडीला, जाऊन भिडतो आणि मग सीट खाली का जात नाही म्हणून लोक डोकं खाजवतात. कीचा छोटा दांडा हातात धरून आवळायचं, लांब नाही. जोर आपोआप बेताचा राहतो. फ्रेम कार्बनची असेल तर कंपनीने टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते, लिहून दिलेला असतो, तो वाचा आणि टॉर्क रेंच वापरा. तिथे माझ्या हाताच्या अंदाजावरही जाऊ नका.

बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, एक थेंब. पण केज प्लास्टिकचा असेल तर ते त्यावर सांडू देऊ नका, काही प्लास्टिकं त्याने तडकतात. आणि एक टूलरूममधली सवय: बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून केजपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे. घरात नेलपॉलिशच्या बाटलीवरून एकदा बोलणी खाल्ली, आता स्वतःची वेगळी घेतली आहे. लाल.

उरलेलं, घाईघाईत

सीटच्या मागे लावायचे केज गुळगुळीत हायवेला ठीक. खराब रस्त्यावर ते बाटल्यांची तोफ होतात, आणि तोफेचं तोंड मागच्या माणसाकडे.

हँडलला क्लॅम्पने लटकवलेली भरलेली बाटली गोल फिरते. घेऊ नका.

जुन्या काळ्या सायकलीला भोकंच नसतात. तिथे क्लॅम्प चालेल, पण नळी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, नाहीतर तो घसरत खाली येतो. केबल टायवर केज बांधणं हा घरी पोचण्यापुरता उपाय आहे. वर्षभर तसाच फिरवणारे मला माहीत आहेत.

टायरमध्ये दगडासारखी हवा भरून खराब रस्त्यावर जाणाऱ्यांची बाटली, दात आणि मनगटं तिन्ही हलतात. टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहून थोडी हवा कमी करून बघा.

बर्फाचं पाणी भरलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो आणि ती निसटती होते. पावसातही तेच. पाणी पिऊन बाटली परत ठेवताना अर्धीच ढकलून देणारे तर निम्म्याहून जास्त. एक हात हँडलवर, नजर रस्त्यावर, तळवा बाटलीच्या डोक्यावर ठेवून दाबायचं, 'टक' लागेपर्यंत. रस्ता खराब असेल तर तो पट्टा संपेपर्यंत तहान धरा.

२०१५ साली आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली, जवळजवळ ४,८०० किलोमीटर. ते ऐकून सायकल घेतलेले कितीतरी लोक मला भेटतात. फार चांगलं. पण पहिल्याच महिन्यात सापुतारा गाठायचा आणि दोन बोल्ट आवळायला दहा मिनिटं नाहीत, असं करू नका.

आणि एवढं करूनही कधी बाटली पडलीच, तर उतारावर मान वळवून बघू नका आणि जागीच ब्रेक मारू नका. हात वर करून ओरडा, म्हणजे मागच्यांना कळेल. सरळ पट्टा आला की पूर्ण कडेला जा, मग चालत मागे या. सापडलेल्या बाटलीचं तोंड धुतल्याशिवाय मात्र लावू नका. त्या रस्त्यावरून सकाळीच शेळ्या गेलेल्या असतात.