हार्डवेअर काउंटरचा हिशोब: नेटवर्क ड्रायव्हरमधले आकडे कसे जपायचे

गिगाबिट नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कर्नलमधला कोड) पहिल्यांदा लिहिला तेव्हा आकडेवारीचा भाग मला अर्ध्या तासाचं काम वाटला होता. रजिस्टर (चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा) वाचायचं, आकडा कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हातात द्यायचा, झालं. चाचणीला लावल्यावर बाइट्सचा ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा दिसायला लागला: चढतोय, चढतोय, आणि दर पस्तीसेक सेकंदांनी धाडकन खाली. कार्डात बिघाड काहीच नव्हता. ३२ बिटांच्या काउंटरमध्ये ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच आकडा मावतो, पुढचा बाइट आला की पुन्हा शून्य. १ गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर सेकंदाला साडेबारा कोटी बाइट्स जातात. भागाकार करा, ३४.४ सेकंद येतात. प्रीअँबल (प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे लाइनवरच्या डेटाच्या गठ्ठ्याच्या, आधीचे इशाऱ्याचे बिट) आणि दोन फ्रेममधली रिकामी जागा या मोजणीत धरली जात नाही, म्हणून प्रत्यक्षात किंचित जास्त.

तेव्हापासून मी रजिस्टरकडे मीटरसारखं बघते. त्यात दिसतं ते रीडिंग. हिशोब दोन रीडिंगांच्या फरकातून ड्रायव्हरनं मांडायचा असतो आणि तो स्वतःच्या वहीत, म्हणजे ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये, ठेवायचा असतो. खालचं सगळं लिनक्सच्या ड्रायव्हरबद्दल आहे.

आधी डेटाशीट

कोडला हात लावण्याआधी मी डेटाशीट, म्हणजे चिपचं तांत्रिक माहितीपत्रक, वाचून एक तक्ता करते. प्रत्येक काउंटरपुढे चार प्रश्न: किती बिटांचा आहे, वाचल्यावर आपोआप शून्य होतो का, भरला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो की कमाल आकड्यावर अडकून बसतो, आणि चिप रीसेट झाल्यावर टिकतो का. ही माहिती बहुतेक वेळा एका पानावर नसते. अर्धी तळटिपांमध्ये सापडते.

रुंदीच्या बाबतीत काहीही गृहीत धरू नका. इंटेलच्या ८२५९९ या १० गिगाबिट चिपमध्ये बाइट्सचे काउंटर ३६ बिटांचे आहेत, ७१० मालिकेत ४८ बिटांचे. रिअलटेकच्या ८१६९ कुटुंबात चिप आकडेवारीचा अख्खा ब्लॉक डीएमएनं (प्रोसेसरला मधे न घेता) मेमरीत टाकते. त्यात पॅकेट्सची संख्या ६४ बिटांची, पण हुकलेल्या पॅकेट्सची जेमतेम १६ बिटांची. एकाच ब्लॉकमध्ये!

वाढ काढायची रीत

वाचल्यावर शून्य होणारा काउंटर सोपा: जे वाचलं तीच वाढ, थेट बेरजेत टाका. अखंड चालणाऱ्या काउंटरसाठी मागचं रीडिंग जपून ठेवावं लागतं, आणि सगळी गंमत या एका ओळीत आहे (मास्क म्हणजे काउंटरच्या रुंदीएवढेच खालचे बिट शिल्लक ठेवणारा आकडा):

वाढ = (आत्ताचं − मागचं) & मास्क

समजा मागचं रीडिंग ४,२९,४९,६७,२०० होतं आणि आत्ताचं १०४ आहे. मधे काउंटर एकदा फिरला. शून्यावर यायला ९६, त्यापुढे १०४, म्हणजे वाढ २००. बिनचिन्ह ३२ बिटी वजाबाकी बरोबर २००च देते. 'आत्ताचं लहान असेल तर' असली अट लिहायची गरजच नाही. मी जुन्या कोडमध्ये ती अट बघते तेव्हा बहुतेक वेळा तिच्या आत एकाची चूक दडलेली असते, कारण लिहिणाऱ्यानं कमाल आकडा मिळवलेला असतो, त्याहून एक जास्त मिळवायला हवा होता.

३२ बिटांना मास्क आपोआप लागतो. ३६ किंवा ४८ बिटांचा काउंटर मात्र ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये वाचला जातो आणि मास्क विसरलात तर काउंटर फिरल्याक्षणी बेरजेत अवाढव्य आकडा शिरतो.

पहिलं रीडिंग मोजायचं नाही. ड्रायव्हर लोड होण्याआधी फर्मवेअरनं (यंत्रात आधीच बसवलेल्या सॉफ्टवेअरनं), किंवा आधीच्या ड्रायव्हरनं, काउंटर पुढे सरकवलेला असू शकतो. पहिलं रीडिंग फक्त 'मागचं' म्हणून नोंदवा.

किती वेळानं वाचायचं

दोन वाचनांमध्ये काउंटर एकदा फिरला तर ही वजाबाकी सांभाळून घेते. दोनदा फिरला तर एक अख्खी फेरी हरवते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून सगळ्यात लवकर फिरणारा काउंटर शोधा आणि त्याच्या निम्म्याहून कमी वेळात वाचा. ३२ बिटी बाइट काउंटर १० गिगाबिटला ३.४ सेकंदांत फिरतो, १०० गिगाबिटला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात. पॅकेट्सचे काउंटर निवांत असतात: ६४ बाइट्सच्या छोट्यात छोट्या फ्रेम्सही १ गिगाबिटला सेकंदाला १४,८८,०९५ च बसतात, म्हणजे ३२ बिट भरायला ४८ मिनिटं.

इंटेलच्या जुन्या गिगाबिट ड्रायव्हरमध्ये लिंक तपासणारं काम दर दोन सेकंदांनी चालतं आणि जाता जाता आकडेही उचलतं. मीही तेच करते, वेगळा टायमर काढत नाही. रिअलटेकचा तो हुकलेल्या पॅकेट्सचा १६ बिटांचा काउंटर मात्र १ गिगाबिटला सगळीच छोटी पॅकेट्स हुकायला लागली तर ४४ मिलिसेकंदांत फिरेल. इतक्या घाईनं वाचत बसणं वेडेपणा आहे. तिथं कॉमेंट लिहून पुढे जावं.

वाचणारे दोन झाले की

एकदा टेस्टबेंचवर मी मुद्दाम ५०० खराब सीआरसीच्या (चुका पकडणारी बेरीज न जुळणाऱ्या) फ्रेम्स पाठवल्या. ड्रायव्हरनं दाखवल्या ४६३. पुन्हा पाठवल्या, ४७१. दुपारभर मी इंटरप्ट, कॅश, केबल सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी लक्षात आलं की शेजारच्या टर्मिनलमध्ये सहकाऱ्यानं एथटूलची (नेटवर्क कार्ड तपासायच्या लिनक्सच्या साधनाची) रजिस्टर डंप काढणारी, म्हणजे सगळी रजिस्टरं वाचून दाखवणारी, कमांड लूपमध्ये लावून ठेवली होती. काउंटर वाचल्यावर शून्य होणारा. डंपनं जे वाचलं ते आमच्या वहीत कधी आलंच नाही. तेव्हापासून माझा नियम: आकडेवारीची रजिस्टरं वाचणारं फंक्शन ड्रायव्हरमध्ये एकच, तेही लॉक घेऊन. डंपमधून तो पट्टा मी वगळते.

६४ बिटांचा काउंटर दोन ३२ बिटी रजिस्टरांत विभागलेला असेल तर क्रम महत्त्वाचा. काही चिप्समध्ये खालचा भाग वाचला की वरचा गोठतो. इंटेलच्या जुन्या गिगाबिट चिप्समध्ये वरचा भाग वाचला की पूर्ण काउंटर पुसला जातो, म्हणून खालचा आधी. चिप अशी कोणतीच सोय देत नसेल तर वरचा, खालचा, पुन्हा वरचा असं वाचायचं आणि दोन्ही वरचे जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक सापळा: पीसीआय एक्सप्रेसवरचं कार्ड निघालं किंवा लिंक पडली की कुठलंही रजिस्टर वाचा, सगळे बिट १ येतात. वाचल्यावर शून्य होणाऱ्या प्रत्येक काउंटरच्या बेरजेत मग ४२९ कोटींची भर पडते. सगळे बिट १ दिसले की मी आधी असं एखादं रजिस्टर वाचते ज्यात तो आकडा कधीच येऊ शकत नाही. तिथंही तेच दिसलं तर ती फेरी सोडून द्यायची.

कॉलबॅकमध्ये झोपायचं नाही

कर्नल आकडे मागतो तो 'एनडीओ गेट स्टॅट्स ६४' या कॉलबॅकमधून, म्हणजे कर्नल हाक मारतो त्या ड्रायव्हरच्या फंक्शनमधून. प्रॉक फाइलसिस्टिममधली नेटची डेव्ह फाइल कुणी वाचली तरी तो चालतो, आणि त्या वाटेनं झोपायला, म्हणजे कशाची तरी वाट बघत थांबायला, परवानगी नाही. पीसीआयवरच्या रजिस्टरांना याचं काही वाटत नाही, पण काउंटर एमडीआयओ बसपलीकडे (लाइनशी जोडणाऱ्या चिपशी बोलायच्या संथ वाटेपलीकडे) असतील तर पंचाईत. त्या बसचं नेहमीचं घड्याळ २.५ मेगाहर्ट्झ, एका व्यवहाराला प्रीअँबलसकट ६४ बिट, म्हणजे एका १६ बिटी वाचनाला २५.६ मायक्रोसेकंद. चाळीस काउंटर, प्रत्येकाचे दोन तुकडे, की झाले दोन मिलिसेकंद. वर बसचा म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप), जो झोपवतोच.

उपाय सरळ आहे. ठरावीक वेळानं चालणारं काम चिपकडून आकडे आणून वहीत लिहितं, कॉलबॅक फक्त वहीची नक्कल देतो. वही वाचताना ३२ बिटी प्रोसेसरवर ६४ बिटांचा आकडा अर्धा जुना अर्धा नवा मिळू शकतो, त्यासाठी कर्नलमधलं यू६४ स्टॅट्स सिंक (असं अर्धवट वाचन टाळणारी सोय) वापरा. ६४ बिटी मशीनवर त्याचा भार जवळपास शून्य. फक्त लिहिणारा एका वेळी एकच हवा, ती जबाबदारी तुमची.

आता मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक: इंटरफेस उघडणाऱ्या फंक्शनमध्ये आकडेवारीवर मेमसेट, म्हणजे सगळे आकडे एकदम शून्य करणं. इंटरफेस खाली-वर केला म्हणून आकडे शून्य होता कामा नयेत. कर्नलच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय. चिप रीसेट करायच्या आधी एकदा शेवटचं वाचन करा, रीसेटनंतर 'मागचं' नव्यानं नोंदवा, बेरजेला हात लावू नका.

कोणता आकडा कुठं

इथं मतभेद होतात, पण खरं तर जागा फारशी नाही. बफर नव्हते म्हणून चिपनं टाकलेली पॅकेट्स 'आरएक्स मिस्ड एरर्स' मध्ये जातात, 'आरएक्स ड्रॉप्ड' मध्ये नाही. (प्रॉकच्या फाइलमध्ये दोन्ही 'ड्रॉप' या एकाच रकान्यात मिसळतात, त्यामुळे तिथं बघून ठरवू नका.) बाइट्समध्ये फ्रेमच्या शेवटचे चार एफसीएस बाइट्स (वरची सीआरसी ठेवलेले) धरायचे नाहीत. चिप धरत असेल तर पॅकेट्सच्या चौपट वजा करा.

एथटूलमध्ये स्वतःच्या नावांची यादी देताना नावाला ३२ बाइट्स मिळतात, शेवटच्या शून्यासकट. काउंटरची संख्या चालू असताना बदलू नका. संख्या, नावं आणि किमती वेगवेगळ्या कॉलमधून जातात आणि मधेच पॅकेट्सची एखादी रांग (क्यू), आणि तिचे काउंटर, वाढले तर नावं एकीकडे, आकडे दुसरीकडे. मॅक (फ्रेम्स हाताळणारा भाग), फाय (लाइनशी जोडणारा भाग), आरएमऑन (नेटवर्कवर नजर ठेवायचं प्रमाण) यांचे प्रमाणित काउंटर असतील तर एथटूलच्या प्रमाणित गटांतच द्या.

खातरजमा

दुसऱ्या मशीनवरून पॅकेटजेननं (लिनक्समधल्या पॅकेट्स तयार करणाऱ्या साधनानं) ६० बाइट्सची बरोबर १० लाख पॅकेट्स पाठवा. बाइट्स ६ कोटींनी वाढायला हवेत. ६.४ कोटींनी वाढले तर एफसीएस मोजला जातोय.

काउंटर फिरण्याची चाचणी करायला मी तासन्‌तास थांबत नाही. डीबग बिल्डमध्ये मास्क १६ बिटांचा करते, जणू रजिस्टर तेवढंच आहे. कर्नलही जिफीजच्या (वेळेचे ठोके मोजणाऱ्या त्याच्या काउंटरच्या) बाबतीत हेच करतो: त्याची सुरुवातच अशी ठेवलीय की ३२ बिटी आकडा बूटनंतर पाच मिनिटांत फिरावा, म्हणजे चुका लगेच उघड्या पडतात. एफसीएससकट ६४ बाइट्स, सेकंदाला १०० पॅकेट्स असं धरलं तर १६ बिट दर सव्वादहा सेकंदांनी फिरतात. दहा मिनिटांत ५८ फेऱ्या होतात, आणि त्या दरम्यान मी दोनदा इंटरफेस खाली-वर करते, एकदा चिप रीसेट करते. खाली असताना आणि रीसेटमध्ये थोडी पॅकेट्स हुकतात, म्हणून पाठवलेल्या आकड्याशी तुलना करत नाही. ड्रायव्हरनं रिंगमधून (चिप आलेली पॅकेट्स ठेवते त्या मेमरीतल्या रांगेतून) उचललेली पॅकेट्स वेगळी मोजलेली असतात, ती आणि चिपची एकूण यांतला फरक हुकलेल्यांच्या काउंटरएवढाच हवा. फरक बाइट्समध्ये ६५,५३६ च्या पटीत आला तर वाचनाला उशीर होतोय, टायमर बघा.