मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याआधीची तयारी

चाके घसरू नयेत म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवतात, पण पाण्याची नळी लावण्याआधी वजन खरोखर कमी पडते आहे का, हे शेतातच तपासून घ्यावे. मागच्या टायरवर खडूने खूण करावी, अवजार उचललेले ठेवून चाकाचे 10 फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि ते अंतर आखून ठेवावे. मग अवजार जमिनीत लावून तेवढ्याच अंतरात किती फेरे होतात ते मोजावे. फेरे 11 ते 12 च्या दरम्यान असतील, तर घसरण (चाक जागीच जास्त फिरणे) योग्य आहे आणि वाढवलेले वजन केवळ जमीन दाबेल व डिझेल खाईल. 13 किंवा त्याहून अधिक झाले, तरच पुढची तयारी करावी.

किती लिटर भरायचे ते टायरच्या मापावरून ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे. साध्या (आडव्यातिरक्या धाग्यांच्या) टायरला 75 टक्के भरण्याची मर्यादा असते, रेडियल (कडेपासून कडेपर्यंत सरळ धाग्यांच्या) टायरला बहुधा त्याहून बरीच कमी. एका लिटरने एक किलो वाढते, आणि दोन्ही बाजूंना सारखेच भरावे लागते. थंडीत पाणी गोठत असेल, तर पाणी गोठू न देणारे कॅल्शियम क्लोराइड हे क्षार आणून ठेवावे. ते नेहमी पाण्यात थोडे थोडे टाकावे, त्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण विरघळताना द्रावण चांगलेच तापते. ते रिमला गंज चढवते, म्हणून टायरमध्ये ट्यूब असलेली बरी.

जागा सपाट आणि टणक हवी. जॅक, त्याच्या जोडीला भक्कम स्टँड, पुढच्या चाकांना लावायचे ठोकळे, पाणी भरायचा अडॅप्टर (नळी व्हॉल्व्हला जोडणारा, हवा बाहेर सोडायचे छिद्र असलेला तुकडा), व्हॉल्व्हची पिन (हवा अडवणारा आतला भाग) काढायची चावी आणि एक नवी पिन हाताशी ठेवावी. जुनी पिन हवेच्या झोताने उडून गवतात हरवते. टायरवरचा भार जॅकवर घेतल्यावरच पिन काढावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साध्या टायरच्या बाबतीत चाक फिरवून व्हॉल्व्ह अगदी वर आणावा. तो तिथे असला की पाणी त्याच्या पातळीला पोहोचताच अडॅप्टरच्या छिद्रातून आधी हवा फुसफुसते, मग थेंब उडू लागतात, आणि टायर सुमारे तीन चतुर्थांश भरल्याचे कळते. वरची हवा राहायलाच हवी. ती नसेल तर खड्ड्यातला धक्का झेलायला टायरमध्ये काहीच उरत नाही.

हवेचा दाबही व्हॉल्व्ह वर ठेवूनच मोजावा, नाहीतर पाणी गेजमध्ये शिरते. शेवटी थोडा रंग जवळ असावा: रिमवर ‘पाणी भरले आहे’ असे लिहावे, म्हणजे पंक्चर काढणारा पिन उघडण्याआधी सावध राहील.