मतदार कार्ड आहे म्हणून निवांत राहू नका, मतदार यादीत नाव बघा

मागच्या विधानसभेला आईला घेऊन सकाळी साडेसातलाच बूथवर गेलो, कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं, आणि तिथल्या मॅडमनी यादीवर पट्टी ठेवून तीनदा वरून खाली बघितलं तरी नावच नाही. पंचवटीतून सिडकोला येऊन आम्हाला चार वर्षं झालेली, तिकडच्या यादीतून नाव कमी झालेलं आणि इकडे आम्ही टाकलंच नव्हतं. रिक्षात घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. म्हणून हे लिहितोय, नाशिककरांनो आजच दहा मिनिटं काढा.

व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन वर जा आणि कार्डावरचा नंबर टाकून शोधा, नावाने शोधलं तर आडनावाच्या स्पेलिंगवरच घोळ होतो. ऑनलाइन जमत नसेल तर 1950 ला फोन लावा नाहीतर आपल्या भागातल्या बीएलओंना, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्यांना, गाठा, बऱ्याचदा ते जवळच्या शाळेतले सर किंवा अंगणवाडीच्या ताई असतात.

घर बदललं असेल तर फॉर्म 8 भरायचा, फॉर्म 6 नाही!! 6 नवीन नावासाठी आहे, जुनं नाव असताना तोच परत भरला की दोन ठिकाणी नाव लागतं आणि ते चुकीचं आहे. आणि नाशिकमध्ये नुसती कॉलनी बदलली तरी मतदारसंघ बदलू शकतो, पंचवटी नाशिक पूर्वमध्ये आणि सिडको पश्चिममध्ये. हे सगळं निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच करा, उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवीन नाव घेत नाहीत.

घरात सतरा पूर्ण झालेलं कोणी असेल तर त्याचा अर्ज आत्ताच भरून ठेवा, अठरा पूर्ण झाली का हे बघायला आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. 85 च्या पुढच्या आजी-आजोबांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं, त्यासाठी 12डी फॉर्म अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, तेव्हा बीएलओंना आधीच सांगून ठेवा.

मतदानाच्या दिवशी कार्ड सापडलं नाही तरी घरी बसू नका, यादीत नाव असलं की आधार, पॅन, लायसन्स, फोटोवालं बँक पासबुक यातलं काहीही चालतं, फक्त ओरिजिनल न्या. नुसती मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर तसंच परत फिरू नका, केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा वेळी मिळणारी कागदी मतपत्रिका, मागा, तो आपला हक्क आहे.

महापालिकेला मात्र वेगळं असतं, नाशिकमध्ये बहुतेक प्रभागांत चार जागा म्हणजे चार बटणं दाबायची. एक दाबून बाहेर येऊ नका, कोणीच पटत नसेल त्या जागेला नोटा दाबा. आईला हे मी घरी कागदावर चार चौकोन काढून दाखवलं, मग तिला लगेच समजलं.