गेलिक फुटबॉल: बाद सामन्याआधी दुबळ्या संघाची संधी कशी जोखावी

गेलिक फुटबॉल हा हात आणि पाय दोन्ही वापरून पंधरा-पंधरा जणांत खेळला जाणारा आयर्लंडचा खेळ. त्यातील काउंटी (जिल्हा) संघांच्या बलाबलाचा फरक मोठा आहे आणि जुनाही आहे. 2025 पर्यंत केरीने ऑल-आयर्लंड, म्हणजे देशपातळीवरचे, विजेतेपद 39 वेळा आणि डब्लिनने 31 वेळा जिंकले आहे, तर फर्मानाला अल्स्टर प्रांताचे आणि विक्लोला लेन्स्टर प्रांताचे विजेतेपद आजवर एकदाही मिळालेले नाही. खेळाडू हौशी असतात आणि सहसा आपल्याच काउंटीकडून खेळतात. पैसे मोजून बाहेरचा आघाडीवीर आणण्याची सोय नसल्यामुळे लहान काउंटीची उणीव एका हंगामात भरून निघत नाही. त्यामुळे बाद सामन्याआधी ‘चांगला संघ कोणता’ हे विचारण्यात फारसा अर्थ राहत नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक असते. 70 मिनिटांच्या एका सामन्यात तो फरक बुजवण्याचे मार्ग किती आहेत आणि त्यांपैकी एखादा तरी या संघाच्या हाती आहे का, एवढेच तपासायचे असते.

त्यासाठी गुणांची पद्धत नीट समजलेली हवी. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेलेला चेंडू म्हणजे गोल, त्याचे तीन गुण. दोन उभ्या खांबांमधून, पण दांड्यावरून गेलेल्या चेंडूचा एक गुण, म्हणजे ‘पॉइंट’. धावफलकावर 1-13 लिहिलेले असेल तर एक गोल आणि 13 पॉइंट, एकूण 16 गुण. 2025 च्या हंगामापासून गोलपासून 40 मीटर अंतरावर कमान आखली जाते आणि तिच्या बाहेरून दांड्यावरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळतात. दुबळ्या संघाचे गणित या एका बदलाने बरेच पालटले आहे.

अंदाजाची सुरुवात लीगपासून, म्हणजे विजेतेपदाच्या स्पर्धांहून वेगळ्या साखळी स्पर्धेपासून, करावी, पण तिच्यावर फार विसंबू नये. लीगमध्ये आठ-आठ संघांचे चार विभाग असतात आणि खालच्या विभागात मिळवलेले मोठे विजय वरच्या विभागातील संघापुढे फारसे काही सिद्ध करत नाहीत. उलटही घडते. 2020 मध्ये कॅव्हन लीगच्या तिसऱ्या विभागात घसरला आणि पुढच्याच महिन्यात डोनेगलला 1-13 विरुद्ध 0-12 असे हरवून 1997 नंतर प्रथमच अल्स्टरचा विजेता झाला. म्हणून गुणतक्त्यातील स्थानाऐवजी बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे दोन-तीन सामने निवडून ते पाहावेत. संघ हरला असला तरी चालेल. शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत तो एका गोलाच्या अंतरात राहिला होता की नाही, हे महत्त्वाचे.

यानंतरचा सर्वांत जास्त वेळ किक-आउटला द्यावा. प्रत्येक गोल, पॉइंट किंवा बाहेर गेलेल्या फटक्यानंतर गोलरक्षक चेंडू पुन्हा खेळात आणतो, म्हणजे सामन्यातील बहुतेक चढायांची सुरुवात येथूनच होते. पूर्वी गोलरक्षक जवळच्या मोकळ्या बचावपटूकडे लहान किक देऊन चेंडू सहज राखत असे. नव्या नियमानुसार किक-आउट 40 मीटरच्या कमानीपलीकडे जावीच लागते, त्यामुळे मैदानाच्या मध्यात उंच चेंडूसाठी झुंज होते आणि हातांतून निसटून खाली पडलेल्या चेंडूवर कोण आधी झडप घालतो याला मोल येते. ज्या संघाची येथे पकड सुटते, त्याला सावरायला उसंतच मिळत नाही. 2025 च्या उपांत्यपूर्व फेरीत गतविजेत्या आर्माने केरीला पूर्वार्धात कडवी झुंज दिली होती, पण उत्तरार्धात आर्माच्या किक-आउट केरीच्या हाती पडत गेल्या, केरीने सलग 14 गुण मिळवले आणि सामना 0-32 विरुद्ध 1-21 असा संपला. गतविजेत्याची ही गत होत असेल, तर दुबळ्या संघाबाबत पहिला प्रश्न हाच की, लागोपाठ तीन किक-आउट गमावल्यावर चौथीसाठी त्याच्याकडे काही वेगळी योजना आहे का. आधीच्या सामन्यांची चित्रफीत मिळाली तर गोल आणि पॉइंट सोडून केवळ किक-आउट मोजत बसावे. कंटाळवाणे काम आहे, पण इतके बोलके दुसरे काही नाही.

दोन गुणांच्या फटक्याचा विचार वाऱ्यासह करावा. उघड्या मैदानावर जोराचा वारा असेल तर एका बाजूला 40 मीटरवरून फटका मारणे सुकर होते आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ अशक्य. लांबून अचूक मारणारे किमान दोन खेळाडू संघात असतील, तर वाऱ्याच्या साथीचा अर्धा भाग त्याला मोठी आघाडी मिळवून देऊ शकतो. एप्रिल 2025 मध्ये मीथने पोर्टलीश येथे नेमके हेच केले: पूर्वार्धात वाऱ्याच्या दिशेने खेळत आघाडी उभारली, नंतर डब्लिनचा पाठलाग थोपवून धरला आणि 0-23 विरुद्ध 1-16 असा विजय मिळवून 2011 पासून सलग 14 वर्षे लेन्स्टर जिंकणाऱ्या संघाला बाहेर काढले. मात्र असा फटका मारणारा एकच खेळाडू असेल, तर प्रतिस्पर्धी त्याच्यावर खास पहारा बसवतो आणि ही वाट बंद होते.

त्यानंतर गोल. ज्या मीथने डब्लिनला नमवले, तोच मीथ अंतिम सामन्यात लाउथकडून 3-14 विरुद्ध 1-18 असा हरला आणि लाउथला 1957 नंतर प्रथमच लेन्स्टरचे विजेतेपद मिळाले. लाउथचे पॉइंट कमी होते, तीन गोलांनी ती तूट भरून काढली. म्हणून संघ जवळ पोहोचल्यावर पॉइंटवर समाधान मानतो की जाळ्याकडे नजर ठेवतो, हे पाहावे. त्याहूनही आधी, तो स्वतः सामन्यागणिक किती गोल खातो, हे पाहावे.

सगळे खेळाडू मागे ओढून बचाव करायचा आणि संधी मिळताच वेगाने प्रतिहल्ला चढवायचा, हा कमकुवत संघाचा जुना उपाय आता तितकासा चालत नाही. 2014 च्या उपांत्य सामन्यात डोनेगलने याच मार्गाने, सर्वांच्या मते अजिंक्य वाटणाऱ्या डब्लिनला 3-14 विरुद्ध 0-17 असे हरवले होते. आता प्रत्येक संघाला किमान तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात ठेवावेच लागतात, त्यामुळे बचावात मोकळी जागा राहतेच. केवळ ‘आम्ही चिवट बचाव करू’ या भरवशावर उतरणाऱ्या संघाची संधी म्हणूनच कमी धरावी, माझ्या मते पूर्वीपेक्षा बरीच कमी.

राखीव खेळाडूंचा हिशेब थोडक्यात होतो. पाच बदल करता येतात, आणि शेवटच्या 15 मिनिटांत बलाढ्य संघ जे ताजे खेळाडू उतरवतो, ते अनेकदा दुबळ्या संघाच्या पहिल्या पंधरांहून सरस असतात. बरोबरी झाल्यास बाद सामन्यात प्रत्येकी दहा मिनिटांचे दोन जादा भाग आणि मग पेनल्टी येतात. जादा वेळ सहसा मोठ्या संघाच्या पथ्यावर पडतो, पेनल्टीचा मात्र भरवसा कोणालाच नाही: 2022 ते 2024 या काळात आर्मा पेनल्टीवर चार सामने हरला आणि 2024 मध्ये त्यानेच ऑल-आयर्लंड जिंकले.

शेवटचा अंदाज जाहीर झालेल्या संघयादीवरून मांडू नये. यादीत एक नाव आणि मैदानात दुसराच खेळाडू, हा काउंटी व्यवस्थापकांचा जुना डाव आहे, आणि दुखापतीच्या बातम्याही त्याच डावाचा भाग असू शकतात. प्रत्यक्ष उतरलेले पंधरा जण पाहावेत, पूर्वार्धात वारा कोणाच्या पाठीशी आहे हे नोंदवावे, आणि दुबळ्या संघाच्या पहिल्या चार-पाच किक-आउटपैकी निम्म्या तरी त्याच्याच हाती राहिल्या, तर आधी धरलेली संधी निःसंकोच वाढवावी.